जगदीशचंद्र बोस : तागाचा पीळ आणि रेडिओची लहर



वर्गात जगदीशचंद्र बोस यांचं नाव घेतलं की मुलं एका सुरात काय सांगतात, ते तुम्हाला माहीतच आहे. झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ! मीही बरीच वर्षं तेवढंच शिकवत आले. पण वनस्पतींकडे वळण्याआधी ते रेडिओ लहरींत रमले होते, आणि तो भाग आपल्या फळ्यापर्यंत येतच नाही. आज तोच सांगते.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मयमनसिंगचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र डेप्युटी मॅजिस्ट्रेट. तरी त्यांनी मुलाला आधी इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातलं. तिथे छोट्या जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. (पालकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा बरं का.) पुढे कोलकाता, मग डॉक्टर व्हायला लंडन. ते शिक्षण आजारपणामुळे सुटलं आणि ते केंब्रिजला विज्ञान शिकले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. तेव्हा भारतीयाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. बोसांची नेमणूक तात्पुरती, म्हणून त्याचाही अर्धा! त्यांनी काय केलं? शिकवणं एक दिवसही थांबवलं नाही, पण पगाराला हात लावला नाही. तब्बल तीन वर्षं. घरी वडिलांचं कर्ज होतं, लग्नही झालं होतं. शेवटी सरकार नमलं आणि मागच्या तारखेपासून पूर्ण पगार मिळाला. त्यातून कर्ज फिटलं.

आता प्रयोगांकडे येऊ. जर्मनीत हर्ट्झने रेडिओ लहरी निर्माण केल्या होत्या, पण त्या लांब होत्या. बोसांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या, त्यामुळे सगळी उपकरणं टेबलावर मावली. १८९५ मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे मांडलेला त्यांचा पहिला निबंध ध्रुवणाबद्दल होता. ध्रुवण म्हणजे काय? दोरी खिडकीला बांधून हलवा. हात वर-खाली केला तर लाट उभी, डावी-उजवीकडे केला तर आडवी. रेडिओ लहरीलाही अशी कंपनाची दिशा असते.

ही दिशा निवडायला बोसांनी काय वापरलं असेल? रेल्वेचं वेळापत्रक! त्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला, की एकाच दिशेची कंपनं आरपार जायची. अशा दोन चाळण्या एकमेकींना काटकोनात ठेवल्या की लहर अडायची.

मग त्यांनी मध्ये ताग ठेवला. सरळ जुडीने काही झालं नाही. पिळलेली जुडी ठेवली आणि मापकाचा काटा हलला! उजव्या पिळाने कंपनाची दिशा एकीकडे वळली, डाव्या पिळाने दुसरीकडे. साखरेचं पाणी प्रकाशाची कंपनं अशीच फिरवतं, हे तेव्हा ठाऊक होतं. न दिसणाऱ्या रेणूच्या पिळाची प्रतिकृती बोसांनी बंगालच्या शेतातल्या तागातून केली, १८९८ मध्ये. शैक्षणिक साहित्याला निधी नाही म्हणताना मला हा ताग आठवतो.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते वारले. आज नव्या मोटारींत पुढचं वाहन ओळखणारं रडार असतं. त्याची लहर सुमारे ४ मिलिमीटरची, म्हणजे बोसांच्या लहरींच्या शेजारचीच. समोरून येणाऱ्या गाडीचं रडार आपल्या रडारमध्ये लुडबुड करू नये म्हणून काही रडारमध्ये कंपनं ४५ अंशांत तिरकी ठेवतात. का, ते मुलांना असं दाखवा : दोन मुलं समोरासमोर उभी करा. प्रत्येकाने पेन्सिल उभी धरून तिचं टोक आपापल्या उजवीकडे अर्धं झुकवायचं. आता एका मुलाच्या पाठीमागून, दोघांच्या सरळ रेषेत बघा. दोन्ही पेन्सिलींची फुली झालेली दिसेल, बोसांच्या त्या दोन चाळण्यांसारखी.