पडद्याला कणा देणारा पत्रकार

९ मार्च १९५४ ची रात्र. अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा दरारा शिगेला पोहोचला होता. कम्युनिस्ट असल्याचा नुसता संशय आला, तरी माणूस नोकरीतून उठत असे. त्या रात्री सीबीएसच्या ‘सी इट नाऊ’ कार्यक्रमात एडवर्ड मर्रो यांनी मॅकार्थींचीच भाषणे आणि त्यांनीच घेतलेल्या उलटतपासण्या दाखवून त्यांतला खोटेपणा उघडा केला. शेवटी, आता गप्प बसून चालणार नाही, असे प्रेक्षकांना थेट बजावले. कंपनीने कार्यक्रमाची जाहिरात करायचे नाकारले होते. ती मर्रो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरमोड करून छापून आणली.

मर्रो यांचा जन्म १९०८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गरीब क्वेकर शेतकरी कुटुंबात झाला. पुढे कुटुंब वॉशिंग्टन राज्यात गेले. लाकूडतोडीच्या छावण्यांत घाम गाळून एडवर्डने शिक्षण पुरे केले. १९३५ मध्ये ते सीबीएस नभोवाणीत आले, तेही वार्ताहर म्हणून नव्हे, तर भाषणांचे कार्यक्रम ठरविणारे अधिकारी म्हणून. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, तेव्हा मर्रो व्हिएन्नाला धावले आणि वार्ताहर होऊन गेले. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना गच्चीवर उभे राहून ते बातम्या देत. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणी पाहून त्यांनी दिलेल्या वृत्तांताने श्रोते सुन्न झाले.

हा आवाज १९५१ मध्ये पडद्यावर आला. मॅकार्थींविरुद्ध बोलायला मर्रो यांनी उशीर केला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. मॅकार्थींचा धुमाकूळ १९५० पासूनच चालू होता आणि वृत्तपत्रांतले काहीजण आधीच बोलले होते. पण दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचत होती. तिथे बोलण्याची जोखीम निराळी होती. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला. पुढच्याच वर्षी ‘सी इट नाऊ’चा प्रायोजक अल्कोआ बाजूला झाला. पैशांच्या प्रश्नमंजूषांची चलती सुरू झाली आणि १९५८ मध्ये कार्यक्रम बंद पडला. त्याच वर्षी शिकागोत वृत्तसंचालकांपुढे बोलताना मर्रो यांनी या करमणुकीच्या बाजाराला खडे बोल सुनावले. मात्र नामवंतांच्या घरी डोकावणारा ‘पर्सन टू पर्सन’ हा हलकाफुलका कार्यक्रम तेच सादर करीत होते.

नोव्हेंबर १९६० मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या हलाखीवरचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा त्यांचा माहितीपट गाजला. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यांना सरकारी माहिती संस्थेचे प्रमुख केले. तिथे गेल्यावर हाच माहितीपट बीबीसीने दाखवू नये, म्हणून मर्रो यांनी शब्द टाकला! बीबीसीने तो ऐकला नाही. सत्तेला जाब विचारणारा माणूस सत्तेच्या खुर्चीत बसला की काय होते, याचा हा बोलका दाखला.

पडद्यावर त्यांच्या बोटांतली सिगारेट कधी सुटली नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर १९५५ मध्ये त्यांनीच कार्यक्रम केला होता. त्याच रोगाने २७ एप्रिल १९६५ रोजी, सत्तावन्नावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्यांना नेले. मर्रो निर्दोष नव्हते. पण एका रात्री लाखो घरांतला पडदा हाती असताना त्यांनी तो भीतीपेक्षा मोठा मानला. तेवढ्यासाठी त्यांचे ऋण आहे.