जपानची पुस्तिका

इ. स. १९१५ च्या अखेरीस मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषद भरावयाची होती आणि तिच्या अध्यक्षपदासाठी धोंडो केशव कर्वे यांची निवड झाली होती. अण्णांचे वय तेव्हा ५७ वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताचे प्राध्यापक म्हणून ते आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी काढलेला आश्रम आणि मुलींचे महिला विद्यालय हाच त्यांचा खरा संसार. अध्यक्षीय भाषणात काय सांगावे याचा विचार करीत असता, पूर्वी टपालाने आलेली एक पुस्तिका त्यांना आठवली. तेव्हा ती वरवर चाळून त्यांनी बाजूला ठेवली होती. आता ती त्यांनी लक्षपूर्वक वाचली.

ती पुस्तिका टोकियो येथील महिला विद्यापीठाविषयी होती. नारुसे जिन्झो नावाच्या शिक्षकाने ते १९०१ मध्ये स्थापन केले होते. नारुसे स्वतः अमेरिकेत राहून शिकले होते. परंतु मायदेशी परतल्यावर त्यांनी अमेरिकेची नक्कल केली नाही. गृहविज्ञान, जपानी वाङ्मय आणि इंग्रजी वाङ्मय असे तीन विभाग उघडून त्यांनी जपानी मुलींना जपानी भाषेतूनच उच्च शिक्षण देण्यास आरंभ केला. अमेरिकेत पाहिलेले बी जपानच्या मातीत रुजले होते. ते आपल्या मातीत का रुजू नये, असा प्रश्न अण्णांच्या मनात उभा राहिला.

परिषदेत त्यांनी हीच कल्पना मांडली. तिला विरोधही झाला, आणि तो सगळाच जुन्या मताच्या लोकांचा नव्हता. स्त्रियांसाठी निराळे विद्यापीठ म्हणजे कमी प्रतीचे विद्यापीठ, असे कित्येक सुशिक्षितांस प्रामाणिकपणे वाटे. ही शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु अण्णा व्यवहार जाणणारे होते. परक्या भाषेच्या ओझ्याखाली ज्या हजारो मुली शाळेच्या उंबऱ्यावरूनच परत फिरत, त्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजी हा आवश्यक विषय आणि त्याबरोबर गृहजीवनशास्त्र व आरोग्य, अशी योजना त्यांनी आखली. पदवीचे नावही इंग्रजी ठेवले नाही. पदवीधर स्त्रीला ‘गृहीतागमा’ म्हणावे असे ठरले.

१९१६ मध्ये हिंगण्यास विद्यापीठाचा आरंभ झाला. कुलगुरुपदाहूनही वरचे कुलपतीचे पद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानाने स्वीकारले. विद्यार्थिनी मात्र होत्या अवघ्या पाच! सरकारची मान्यता नव्हती, त्यामुळे सरकारी नोकरीत त्या पदवीला किंमत नव्हती. पैसाही नव्हता. झोळी घेऊन दारोदार हिंडण्याची सवय मात्र अण्णांना पूर्वीपासून होती. आश्रमाच्या प्रारंभीच्या काळात हिंगण्याहून पुण्यास शिकवावयास जाणे-येणे ते पायीच करीत आणि परतताना आश्रमासाठी लागणारे सामानही घेऊन येत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले.

१९२९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, अण्णा जगाच्या प्रवासास निघाले. ज्या वयात माणसे काठी घेऊन देवळापर्यंत जातात, त्या वयात ते इंग्लंड, युरोप आणि अमेरिका येथील शिक्षणपरिषदांतून व सभांतून आपल्या विद्यापीठाची माहिती सांगत आणि वर्गणी जमवीत हिंडले. बर्लिनमध्ये त्यांनी आइन्स्टाईन यांची भेट घेतली. अमेरिकेहून ते जपानला गेले आणि ज्याची नुसती माहिती वाचून एवढा खटाटोप केला, ते टोकियोचे विद्यापीठ त्यांनी अखेर डोळ्यांनी पाहिले. नारुसे मात्र त्यांना भेटले नाहीत. ते १९१९ मध्येच वारले होते. स्वदेशी परतल्यावर वर्ष उलटण्यापूर्वीच अण्णा पुन्हा आगबोटीत चढले. या खेपेस ते आफ्रिकेतील हिंदी लोकांकडे गेले.

टोकियोची ती संस्था नावाने विद्यापीठ असली, तरी सरकारदरबारी तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८ मध्ये. अण्णांच्या विद्यापीठाला तो १९५१ मध्ये मिळाला. अण्णा तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते.