थॉमस बेस्ट जर्व्हिस

थॉमस बेस्ट जर्व्हिस (जन्म : जाफना, श्रीलंका, २ ऑगस्ट १७९६, मृत्यू : ३ एप्रिल १८५७) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी अभियंते आणि भूमापक होते. दक्षिण कोकणाची पाहणी व नकाशे यांसाठी ते ओळखले जातात. त्यांचे बंधू जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत मराठीतून गणिताची पाठ्यपुस्तके तयार केली.

कोकणची पाहणी

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर कोकणचा मुलूख कंपनीकडे आला. पुढच्याच वर्षी जर्व्हिस यांच्याकडे दक्षिण कोकणच्या पाहणीचे काम सोपविण्यात आले आणि त्यात त्यांची सुमारे दहा वर्षे गेली. सह्याद्रीचा माथा हा येथील जलविभाजक आहे. पूर्वेस भोरच्या मावळातून नीरा बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या प्रवाहांना मिळते; पश्चिमेस सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या रानाने झाकलेल्या दऱ्यांतून अरबी समुद्रास मिळतात. कोकणच्या भूगोलावरील व जमीनधारा पद्धतींवरील त्यांचा ग्रंथ १८४० मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला.

सर्वेक्षण प्रमुखपदाचा वाद

१८३७ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांचे संभाव्य उत्तराधिकारी म्हणून जर्व्हिस यांची तात्पुरती नेमणूक झाली. १८३८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व त्या संस्थेतील अनेकांनी त्यांच्या योजनांना पाठिंबा दिला. एव्हरेस्ट यांनी १८३९ मध्ये पत्रमालिका छापून याचा तीव्र निषेध केला. एव्हरेस्ट १८४३ पर्यंत पदावर राहिले. जर्व्हिस मात्र १८४१ मध्येच निवृत्त झाले. ते पद त्यांना कधीच मिळाले नाही.

उत्तरायुष्य

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याकडे त्या प्रदेशाचे पुरेसे नकाशे नव्हते. जर्व्हिस यांनी रशियन लष्करी नकाशाची प्रत मिळवून तो छापून घेतला. १८५५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याचा स्थलवर्णन व सांख्यिकी विभाग त्यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाला.

महत्त्व

कंपनीकालीन नकाशे महसूल व लष्कर यांच्या गरजांसाठी काढलेले असत. त्यामुळे जुन्या नकाशावर एखादे रान वा पायवाट दिसत नसेल, तर ती त्या काळी नव्हतीच असे म्हणता येत नाही. नदीपात्र, खाडीचे मुख, घाटवाटा आणि रोमन लिपीत उतरलेली गावांची नावे यांची नंतरच्या नकाशांशी व प्रत्यक्ष स्थळाशी तुलना करूनच भूप्रदेशातील बदल ठरवावे लागतात.