वार्ताहराची लेखणी आणि सैनिकाचा जीव

माणदेशातील पावसाचा भरवसा नसलेल्या गावांतून लष्करात भरती होणे ही जशी शौर्याची परंपरा आहे, तशीच ती पोटाचीही निकड राहिली आहे. सीमेवर काही घडले की दहिवडी-म्हसवडच्या परिसरातील अशा घरांतून प्रथम बातम्या लावल्या जातात. त्या घराच्या बातमीकडून दोन अपेक्षा असतात. आपला मुलगा कोणत्या हालात आहे, त्याला पोटभर अन्न, उबदार वस्त्र आणि कामाचे शस्त्र मिळते की नाही, हे खरेखरे कळावे, ही पहिली. तो नेमका कोठे आहे आणि उद्या कोणत्या वाटेने पुढे सरकणार आहे, हे शत्रूला कळू नये, ही दुसरी. दोन्ही अपेक्षा न्याय्य आहेत. पण पुष्कळदा एकच बातमी पहिली पुरी करते आणि दुसरी मोडते. ही तेढ प्रथम ठळकपणे ज्याच्या आयुष्यात प्रकट झाली, तो गृहस्थ म्हणजे लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल.

रसेल यांचा जन्म १८२० मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ झाला. बालपण आजी-आजोबांच्या छायेत गेले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. १८४१ च्या निवडणुकांच्या वेळी ‘टाइम्स’साठी केलेल्या वार्तांकनामुळे ते ह्या व्यवसायात शिरले. पुढे ते बॅरिस्टरही झाले, परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरण्याच्या बेतात असताना ‘टाइम्स’चे संपादक डिलेन यांनी त्यांना सैन्याबरोबर पाठविले. मोहीम लवकरच आटोपेल असा तेव्हा अनेकांचा समज होता. रसेल प्रत्यक्षात दीड वर्षाहून अधिक काळ त्या रणभूमीवर राहिले.

त्या वेळी युद्धवार्ताहर हा स्वतंत्र पेशाच नव्हता. वृत्तपत्रे परदेशी पत्रांतून उतारे घेत किंवा सैन्यातील अधिकाऱ्यांची पत्रे छापीत. अशा स्थितीत छावणीत हिंडणारा, अधिकाऱ्यांशी गप्पा मारणारा आणि टिपणे काढणारा हा मुलकी माणूस सेनापती लॉर्ड रॅग्लन यांना डोळ्यांसमोर नको होता. रसेल यांना ना शिधा मिळाला, ना राहण्याची सोय. तरीही आल्मा, बालाक्लावा आणि इंकरमन ह्या लढायांची त्यांची वर्णने इंग्लंडमध्ये घरोघर वाचली गेली. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी चुकीच्या हुकुमापायी घोडदळाची तुकडी रशियन तोफांच्या तोंडी गेली, ती कहाणी लोकांना प्रथम कळली त्यांत रसेल यांच्या पत्राचा वाटा मोठा होता.

परंतु त्यांचे खरे कार्य लढायांच्या वर्णनात नाही. ते १८५४-५५ च्या हिवाळ्यात आहे. सेबास्टोपोलला वेढा पडला होता. १४ नोव्हेंबरच्या वादळात गरम कपडे घेऊन आलेले जहाज बुडाले. बालाक्लावाच्या बंदरात माल येत होता, पण तेथून काही मैलांवरील छावणीपर्यंत धड रस्ता नव्हता. चिखलात ओझ्याची जनावरे मरून पडत होती आणि धक्क्यावर माल कुजत असताना खंदकांतील शिपाई थंडीने आणि उपासमारीने मरत होते. टंचाई वस्तूंची नव्हती. वाहतुकीची, व्यवस्थेची आणि जबाबदारीची होती. गोळीने पडले त्याच्या कितीतरी पट शिपाई रोगराईने गेले. रसेल यांनी हे सारे सरळ लिहिले. स्कुटारी येथील इस्पितळाच्या दुर्दशेची वार्ता ‘टाइम्स’चे कॉन्स्टँटिनोपल येथील वार्ताहर चेनरी यांनी दिली होती, तिचे श्रेय पुष्कळदा रसेल यांच्याकडे जाते. पण छावणीतील हाल जगापुढे आणले ते त्यांनीच.

त्याचा परिणाम दूरगामी झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांना घेऊन निघाल्या, लोकांनी निधी उभारला, आणि जानेवारी १८५५ अखेर पार्लमेंटात पराभूत होऊन अ‍ॅबर्डीन यांचे मंत्रिमंडळ कोसळले. वसंत ऋतूपर्यंत बंदरापासून छावणीच्या दिशेने लोहमार्गही टाकला गेला. ज्या शिपायाचा आवाज राजधानीत कोणी ऐकला नसता, त्याच्या वतीने एक लेखणी बोलली आणि सरकारला उत्तर द्यावे लागले.

येथेच नाण्याची दुसरी बाजू सुरू होते. ऑक्टोबर १८५४ मध्ये ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तात वेढ्यातील सैन्याची मांडणी, तोफा आणि दारूगोळ्याचा साठा ह्यांविषयीचे तपशील आले. रॅग्लन यांनी युद्धमंत्र्यांकडे तक्रार केली, की शत्रूला ह्याहून उत्तम माहिती पगारी हेरही देऊ शकणार नाही. लंडनमध्ये छापलेला मजकूर युरोपातील तारायंत्रामार्गे रशियाच्या राजधानीत पोहोचण्यास फार दिवस लागत नव्हते, हे पाहता तक्रार अगदीच निराधार नव्हती. रसेल यांचा बचाव असा, की आपण पाहिले ते संपादकाला लिहितो. काय छापावे हे संपादकाने ठरवावे. हा बचाव समाधानकारक म्हणता येत नाही. रणांगणावर उभा असलेला माणूसच कोणता तपशील घातक आहे हे अधिक जाणतो. शेकडो मैलांवरच्या कचेरीत बसलेल्या संपादकावर तो भार टाकून त्याला मोकळे होता येत नाही.

मात्र रॅग्लन यांचा पक्षही निर्भेळ नव्हता. शत्रूला माहिती मिळते ही ओरड ज्या गोटातून होत होती, त्याच गोटाची अनागोंदी त्या पत्रांनी उघडी केली होती. तोफांची जागा हे गुपित होते. पण शिपायाच्या पायात बूट नाहीत हे गुपित नव्हते, तो गुन्हा होता. अधिकाऱ्यांना दोन्ही गोष्टी एकाच पडद्याआड झाकायच्या होत्या. अखेर २५ फेब्रुवारी १८५६ रोजी नवे सेनापती कॉड्रिंग्टन यांनी शत्रूला उपयोगी पडेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करणारा आणि तो देणाऱ्या वार्ताहराला छावणीबाहेर घालविण्याची तरतूद असलेला हुकूम काढला. आधुनिक लष्करी वृत्तनियंत्रणाचा आरंभ पुष्कळ अभ्यासक ह्या हुकुमापासून मानतात. गंमत अशी, की महिन्याभरात युद्धच संपले.

१८५८ च्या प्रारंभी रसेल हिंदुस्थानात आले. कानपूरला ते सरसेनापती सर कॉलिन कॅम्बेल यांना भेटले आणि तेथे एक समंजस करार झाला. कॅम्बेल यांनी आपले बेत रसेल यांना मोकळेपणाने सांगावेत. रसेल यांनी ते छावणीत कोणापाशी बोलू नयेत, फक्त इंग्लंडला जाणाऱ्या पत्रांत लिहावेत. पत्र लंडनला पोहोचून छापून परत येईपर्यंत मोहीम कधीच पुढे सरकलेली असे. काळाचे हे अंतर हीच गुपिताची राखण होती. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले तेव्हा रसेल तेथे होते. विजयी फौजेने केलेली लूट त्यांनी पाहिली आणि लिहिली. सरसकट फाशी आणि सूड ह्यांविरुद्ध त्यांनी आपल्याच देशबांधवांना सुनावले. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची हिंदुस्थानची रोजनिशी ह्या दृष्टीने आजही वाचनीय आहे. अर्थात ते साम्राज्याचेच नागरिक होते, राज्य टिकावे हीच त्यांची इच्छा होती; पण जेत्याच्या बाजूने उभे राहून जेत्याची क्रूरता नोंदविण्यासही धैर्य लागते.

त्यानंतरचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. अमेरिकन यादवी युद्धात जुलै १८६१ मध्ये बुल रन येथून पळ काढणाऱ्या उत्तरेच्या सैन्याचे त्यांनी यथातथ्य वर्णन केले. त्यामुळे लोक त्यांच्यावर इतके संतापले की पुढल्या वर्षी सैन्याबरोबर जाण्याची परवानगीही नाकारली गेली आणि त्यांना परतावे लागले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तारेने मजकूर धाडणाऱ्या नव्या पिढीने त्यांच्या दीर्घ पत्रांना मागे टाकले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या लवाजम्याबरोबर ते मुंबईला उतरले. १८९५ मध्ये ‘सर’ झाले आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये निवर्तले.

रसेल यांना मागे टाकणाऱ्या तारेनेच प्रश्न तीव्र केला. बातमीही नाशवंत मालासारखी असते. पण सगळ्या बातम्या सारख्या नाशवंत नसतात. उद्याच्या हल्ल्याची बातमी परवा निरुपद्रवी होते. निकृष्ट बूट, अपुरी औषधे, चुकलेला हुकूम ह्यांची बातमी महिन्यानेही तितकीच मोलाची राहते. म्हणून पहिली थोपवून धरल्याने वाचकाचे फारसे बिघडत नाही; दुसरी दडपली तर शिपाई मरतो. वाहतुकीचा वेळ शून्यावर आला की हा भेद पाळण्याचे काम निसर्ग करीत नाही, ते माणसाला करावे लागते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात गूज ग्रीनवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशीच ब्रिटिश सैन्य तिकडे सरकत असल्याचे बीबीसीच्या जागतिक सेवेने प्रक्षेपित केले, आणि त्या हल्ल्याची तयारी करणारे कर्नल जोन्स संतापले. तेथे तर ढिलाई केवळ वार्ताहराची नव्हती. माहिती लंडनच्या सरकारी वर्तुळातूनच पाझरली होती.

आपल्याकडे हा प्रश्न नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत उभा राहिला. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणारे कमांडो वृत्तवाहिन्यांनी जिवंत चित्रात दाखविले, आणि सीमेपलीकडे बसून दूरध्वनीवरून हल्लेखोरांना सूचना देणारे सूत्रधार तीच चित्रे पाहत होते. ह्या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांची प्रत्यक्ष हानी झाली की नाही हे सांगता येत नाही, असे नमूद करूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणास मनाई करणारा नियम झाला. कारवाई चालू असताना नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्तांकन मर्यादित झाले. त्याच हल्ल्याच्या पहिल्या रात्री निःशस्त्र हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. त्या रात्रीची किंमत ह्या जिल्ह्याला वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

नियम हवाच होता. परंतु रसेल यांचे चरित्र जी दुसरी अर्धी शिकवण देते, तिचा विसर पडू नये. अधिकाऱ्याने दिलेली माहिती एवढीच जर बातमी उरली, तर बालाक्लावाच्या धक्क्यावर कुजणारा माल कोणाला दिसणार? कारवाई चालू असेतो मौन आणि कारवाई संपताच निर्भय चौकशी, असा हा दुहेरी धर्म आहे. कॅम्बेल आणि रसेल यांनी तो परस्परविश्वासाने पाळला होता. सैन्याने गुपित आणि गैरसोय ह्यांत गल्लत करू नये, आणि वार्ताहराने घाई व धैर्य ह्यांत. माणदेशातील ज्या घराने आपला मुलगा दिला आहे, त्याला ह्यापेक्षा कमी काही देऊ करण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाच नाही.