फसलेल्या प्रयोगांची वही : डॉ. रोनाल्ड रॉस

नांदेडहून सिकंदराबादची गाडी आपण नेहमीच पकडतो. कुणी इलाजासाठी जातं, कुणी लग्नाच्या खरेदीला. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे पहिल्यांदा त्याच सिकंदराबादेत दिसलं. तेव्हा नांदेड, लातूर आणि ते शहर, सगळं निजामाच्या मुलखात होतं.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म 1857 चा, अल्मोड्याचा. पेशाने फौजी डॉक्टर. 1895 मध्ये ते सिकंदराबादेत कामाला लागले. त्यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांची अटकळ अशी, की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने मलेरिया होतो. रॉस यांनी तसं पाणी माणसांना पाजून पाहिलं. आज कुणी असं करू देणार नाही. निकाल काही जुळला नाही.

मग रुग्णांना चावलेले राखी आणि पट्टेरी डास त्यांनी एकेक करून फाडले. दोन वर्षं हाती काहीच नाही. मधे उटीजवळ त्यांना स्वतःलाच मलेरिया झाला. पण प्रत्येक नोंद ते लिहीत गेले. कोणता डास, कुणाला चावला, किती दिवसांनी तपासला. खरं तर पद्धत बरोबर होती, डासांची जात चुकीची होती.

ऑगस्ट 1897 मध्ये ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासामागे 1 आणा घेऊन ते चावून घेतले. 20 ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठरात काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्या आणखी मोठ्या होत्या. म्हणजे जंतू वाढत होता!

लगेच बदली झाली आणि काम थांबलं. पुढे 1898 मध्ये कलकत्त्यात, मुहम्मद बक्ष यांच्या मदतीने, त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर उरलेला शोध पूर्ण केला. 1902 मध्ये नोबेल मिळालं.

आता आपल्या मुलांच्या प्रयोगवह्या बघा. त्यात फसलेला प्रयोग सापडतच नाही. उत्तर चुकलं की शेजारच्याचं उतरवायचं. मी शिक्षक आहे, अशा वह्यांवर मीही डोळे झाकून सह्या केल्यात. यंदापासून जे दिसलं तेच लिहायला सांगतोय. चुकलं असेल तर का चुकलं, तेही. मार्क त्यालाच.