स्क्रॅबलमध्ये ‘एस’ चारच का? उत्तर एका बेकार आर्किटेक्टच्या वहीत

हाती आलेल्या सात अक्षरांतून इंग्रजी शब्द जुळवायचा, असे खेळ आज मोबाइलवर ढिगाने आहेत. यातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे स्क्रॅबल. तो घडवला आल्फ्रेड बट्स यांनी.

बट्स यांचा जन्म 1899चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीचा. पेशाने आर्किटेक्ट. महामंदीत 1931मध्ये नोकरी गेली आणि त्यांनी खेळ तयार करायला घेतला. कोणते अक्षर किती वेळा येते, हे त्यांनी वर्तमानपत्राच्या पानांवर चक्क हाताने मोजले! त्यावरूनच 100 टाइल्सचा हिशेब बसला. ‘ई’ सतत लागतो, म्हणून त्याच्या 12 टाइल्स, पण गुण फक्त 1. ‘क्यू’ आणि ‘झेड’ची एकेकच टाइल, गुण 10. ‘एस’ मात्र मुद्दाम चारच ठेवले. नाहीतर जो तो शब्दापुढे ‘एस’ लावून अनेकवचन करत सुटला असता.

कंपन्यांनी खेळ नाकारला. बट्स घरीच संच बनवून विकत राहिले. 1948मध्ये जेम्स ब्रुनो यांनी हक्क घेतले, स्क्रॅबल हे नाव दिले. 1949मध्ये 2,400 संच बनवूनही त्यांना 450 डॉलरचा तोटाच झाला. 1952पासून मात्र मागणी पुरवता येईना.

बट्स यांच्या वाट्याला संचामागे काही सेंट आले. तोवर ते पुन्हा आर्किटेक्टच्या कामावर रुजू झालेले होते. 1993मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टाइल्सचा हिशेब इंग्रजी स्क्रॅबलमध्ये आजही तोच आहे.