प्येर फोशार

प्येर फोशार (१६७८ किंवा १६७९ – मार्च १७६१) हे फ्रेंच शल्यचिकित्सक आणि दंतवैद्य होते. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाते. १७२८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला 'ल शिरुर्जियाँ दाँतिस्त' (दंतशल्यचिकित्सक) हा दोन खंडांचा ग्रंथ या विषयाची सर्वांगीण, शास्त्रशुद्ध मांडणी करणारा पहिला ग्रंथ समजला जातो. कृत्रिम दात, दात भरणे आणि वाकडे दात सरळ करणे यांसाठी त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. हिरड्यांच्या विकारांचे त्यांनी केलेले निरीक्षण व दात स्वच्छ करण्याची त्यांनी सांगितलेली पद्धत यांचे महत्त्व त्याहून कमी नाही. किंबहुना सर्वसामान्य माणसाचा संबंध त्यांच्या कार्याच्या याच भागाशी अधिक येतो.

== प्रारंभीचे जीवन ==

फोशार यांचा जन्म पश्चिम फ्रान्समध्ये एका साधारण स्थितीतील कुटुंबात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते फ्रान्सच्या राजेशाही नौदलात दाखल झाले. तेथे अलेक्सांद्र पोतलरे या शल्यचिकित्सकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. पोतलरे यांनी दात व तोंडाच्या रोगांचा विशेष अभ्यास केला होता आणि त्या अभ्यासाला जहाजावर विषयाची वाण नव्हती. महिनोन् महिने ताजी फळे व भाज्या न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही हा रोग होई. त्यांच्या हिरड्या सुजत, काळवंडत, त्यांतून रक्त वाही आणि शेवटी दात हलू लागत. किशोरवयीन फोशार यांनी रक्ताळलेल्या हिरड्या प्रथम पाहिल्या त्या अशा अवस्थेत.

सुमारे तीन वर्षांनी नौदल सोडून त्यांनी आंजे या शहरात व्यवसाय सुरू केला. त्या काळी दात उपटण्याचे काम न्हावी, फिरते वैदू आणि जत्रेत गर्दी जमवणारे भोंदू करीत. विद्यापीठात शिकलेले वैद्य या कामाला हात लावणे कमीपणाचे मानत. १६९९ मध्ये राजाज्ञेने पॅरिसमध्ये दातांच्या तज्ज्ञांचा परवानाधारक वर्ग निर्माण झाला होता, तरी त्यांच्यासाठी धड असे एकही पाठ्यपुस्तक नव्हते. ज्याला जे येई ते तो गुपित म्हणून जपून ठेवी. फोशार इतर शहरांतही फिरले आणि १७१९ च्या सुमारास पॅरिसला स्थायिक झाले.

== ग्रंथ ==

ग्रंथाचे हस्तलिखित १७२३ मध्ये तयार झाले. मात्र फोशार यांनी ते लगेच छापले नाही. पुढील पाच वर्षे ते पॅरिसमधील नामांकित वैद्य व शल्यचिकित्सकांना दाखवून त्यांनी त्यांची मते घेतली. व्यवसायातील गुपिते उघड करणाऱ्या माणसाला अशा पाठबळाची गरजही होती. दोन्ही खंड मिळून ग्रंथाची पृष्ठे साडेसातशेहून अधिक भरली. त्यात उपकरणांची सुमारे चाळीस चित्रपृष्ठे होती. १७३३ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद झाला आणि १७४६ मध्ये लेखकाने स्वतः वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली.

दातांत अळी शिरून ती दात पोखरते, ही समजूत त्या काळी युरोपभर रूढ होती. मराठीतील दाताला कीड लागणे हा वाक्प्रचारही अशाच जुन्या कल्पनेची आठवण करून देतो. फोशार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासले, त्यांना अळी आढळली नाही आणि त्यांनी तसे लिहून टाकले. साखरेचे अतिसेवन दातांना घातक असते, हेही त्यांनी सांगितले. रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत धरण्याऐवजी उजेडात, खुर्चीत बसवावे असा त्यांचा आग्रह होता.

== हिरड्यांविषयीचे कार्य ==

स्वच्छतेकडे दुर्लक्ष हेच दात नष्ट करणाऱ्या बहुतेक रोगांचे कारण आहे, असे फोशार यांचे मत होते. दाताच्या मुळाशी साचणारे कीटण वेळीच काढले नाही तर ते वाढत जाऊन हिरडीला दाबते. हिरडी सुजते, तिला स्पर्श होताच रक्त येते आणि पुढे ती दातापासून सुटते, हा क्रम त्यांनी रुग्णांमध्ये पाहिला होता. कीटण खरवडण्यासाठी त्यांनी पाच प्रकारची उपकरणे वर्णिली आहेत : पटाशी, पोपटाच्या चोचीसारखे टोक असलेले उपकरण, तीन बाजूंचे कोरणे, बाकदार पात्याची लहान सुरी आणि झेड अक्षराच्या आकाराचा आकडा. दंतवैद्याच्या ताटलीतील आजची हत्यारे पाहिली तर त्यांतील दोन-तीन सहज ओळखू येतील.

दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी एक महत्त्वाची भर घातली. नौदलात पाहिलेल्या स्कर्व्हीसारखाच, पण वेगळा असा एक विकार त्यांनी नोंदवला. यात रुग्णाच्या शरीरावर स्कर्व्हीची इतर कोणतीही लक्षणे नसत. तरीही हिरड्यांतून रक्त येई, त्या दाबल्या असता पू बाहेर येई आणि वरून निरोगी दिसणारे दात सैल होऊन पडत. खलाशी नसलेल्या, भरपूर खाणाऱ्यापिणाऱ्या शहरी माणसालाही हा रोग होतो, हे निरीक्षण नवे होते. त्याला पुढे काही काळ फोशार यांचेच नाव मिळाले. आपल्याकडे तो पायोरिया म्हणून ओळखला जातो.

घरी करावयाच्या निगेबद्दलही त्यांनी लिहिले. रोज सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या स्पंजाने दात आणि हिरड्या चोळाव्यात, असे त्यांचे सांगणे होते. घोड्याच्या केसांचे ब्रश त्यांना फार मऊ वाटत व ते त्यांनी नापसंत केले. त्यांचे सर्वच उपाय टिकले असे नाही. दातदुखीवर ताज्या मूत्राच्या गुळण्या करण्याचा त्यांचा सल्ला आज कोणी देणार नाही.

रोगाचे मूळ कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही. डच संशोधक लेव्हेनहूक यांनी दातांवरील पांढऱ्या थरातील हलणारे सूक्ष्मजीव १६८३ मध्येच पाहिले होते, पण त्यांचा आणि हिरड्यांच्या सुजेचा संबंध जोडला जाण्यास फार काळ लागला. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दंतवैद्याकडे दात स्वच्छ करताना येणारे रक्त बहुधा अवजारामुळे नव्हे, तर आधीच सुजलेल्या हिरडीमुळे येते. रक्त दिसले की घाबरून घासणे सोडणारा माणूस सूज वाढवीत असतो. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा घासणे आणि दातांमधील फटी रोज साफ करणे, एवढ्याने पुढच्या वेळचे रक्त पुष्कळ कमी होते. तसे करूनही ते थांबत नसेल तर कीटण हिरडीखाली पोहोचलेले असू शकते किंवा दुसरा आजार असू शकतो, म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

== उत्तरायुष्य ==

व्यवसायात फोशार यांना चांगली संपत्ती मिळाली. १७३४ मध्ये त्यांनी पॅरिसजवळील ग्राँमेनिल येथील वाडा विकत घेतला. त्यांची दुसरी पत्नी एलिझाबेथ शमँ ही नटाच्या घराण्यातील होती. त्यांच्या मुलाने प्रथम वकिली केली, नंतर तो रंगभूमीकडे वळला आणि वडिलांच्या वाड्याचे नाव घेऊन ग्राँमेनिल या नावाने कोमेदी फ्रान्सेझमधील नावाजलेला नट झाला. फोशार यांचे पॅरिस येथे निधन झाले.

त्यांच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये अमेरिकेत प्येर फोशार अकादमी ही दंतवैद्यांची संस्था स्थापन झाली. त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मात्र १९४६ पर्यंत झाला नव्हता. तो लिलियन लिंडसे यांनी केला. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.